आमच्या मंडळीतली पेटी कपाटात गेली. सुवार्ता आणि आजची संस्कृती, रेघ कुठे मारायची?

पेटीवाली
सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, लग्नानंतर पुण्यात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली २२ वर्षं रविवारच्या उपासनेला पेटी वाजवते. दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी आणि पंचांनी ठरवलं की उपासना तरुणांना जवळची वाटेल अशी करायची. आता ड्रमसेट आलाय, कीबोर्ड आलाय, दोन गिटार, भिंतीवर प्रोजेक्टर. बाकांवरची 'उपासना संगीत'ची, म्हणजे आपल्या मराठी भक्तिगीतांची, पुस्तकं उचलून मागच्या खोलीत ठेवली कारण शब्द पडद्यावर येतात. पाच गीतांत एक मराठी, बाकी हिंदी नाहीतर इंग्लिश. पेटी कपाटात. मला कुणी वाईट बोललं नाही, उलट निरोपाला शालही दिली, पण घरी आल्यावर मी खूप रडले हे खरंय.

पण धागा माझ्या रडण्यासाठी नाहीये. त्या मीटिंगमध्ये पाळक म्हणाले, प्रेषित पौल "सर्वांना सर्व काही" झाला, १ करिंथ ९ वाचा. तर एक म्हातारे पंच उठून म्हणाले, त्याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलंय, "या युगाबरोबर समरूप होऊ नका." दोघंही बायबलच उघडून बोलत होते. मी घरी दोन्ही अध्याय तीन-तीनदा वाचले तरी माझं उत्तर सापडलं नाही. आपण स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवतो, म्हणजे बायबल शेवटचा शब्द, वधस्तंभ मधोमध, माणसाने स्वतः मन फिरवलं पाहिजे आणि मग सुवार्तेसाठी काही केलं पाहिजे. या चारात ना पेटी आहे ना ड्रम. मग यातलं संस्कृती काय आणि सुवार्ता काय हे कशावरून ओळखायचं?

माझं मत सांगते. नारायण वामन टिळकांनी अभंगात ख्रिस्त गायला ती आपली भाषा होती. आता आपण अमेरिकेची भाषा घेतोय आणि तिला आधुनिक म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?

कोकणी_फणस
पुस्तकं मागच्या खोलीत ठेवलीत तिथे वाळवी नाही ना बघा आधी. मनापासून सांगतोय, आमच्याकडे अशीच गेली.

सहा_तारा
ताई, मी गिटार वाजवतो, पिंपरीच्या एका मंडळीत, वय २४. तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, दोन्ही लिहितो.

वाईट अशासाठी की २२ वर्षं वाजवणाऱ्या माणसाला बाजूला बसवून काही नवीन करू नये, तुम्हाला त्या बँडमध्येच घ्यायला हवं होतं. राग अशासाठी की "अमेरिकेची भाषा" म्हणालात. ताई, माझी भाषा तीच आहे हो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, दिवसभर ऑफिसात हिंदी-इंग्लिश, गाणी फोनवर ऐकतो ती तसलीच. 'उपासना संगीत'मधलं गीत मला आजीसारखं वाटतं, म्हणजे प्रेम आहे पण अर्धे शब्द कळत नाहीत. माझा कॉलेजचा मित्र पहिल्यांदा मंडळीत आला तो गिटार ऐकून आला, आणि तीन महिन्यांनी वचन ऐकून थांबला. हे खोटं आहे का?

आणि पेटी तरी कुठे आपली? तीही युरोपातूनच आली ना.

वसईचा_वारा
सहा_तारा, पेटीचं बरोबर बोललास. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये स्पर्जन या नावाजलेल्या उपदेशकाच्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये, टॅबरनॅकलमध्ये, त्याच्या हयातीत ऑर्गनसुद्धा नव्हता, हजारो माणसं नुसत्या गळ्याने गायची. वाद्यावरून भांडण हे फार जुनं आहे.

मी कॅथलिक आहे, त्यामुळे तुमच्या घरच्या भांडणात पाहुणा. पण आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते ६५, मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती. नंतर मराठीत आली तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीतली काही माणसं हळहळली की लॅटिनचं गांभीर्य गेलं. आणि त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सने गोव्यात ओवीत क्रिस्तपुराण लिहून ठेवलेलं! म्हणजे लोकांच्या भाषेत सांगायची बुद्धी आधीच झालेली, फक्त वेदीपर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

खडकावरघर
प्रेज द लॉर्ड. मी स्पष्ट लिहितो, कुणी मनाला लावून घेऊ नका.

प्रश्नच चुकीचा मांडलाय. ड्रम का पेटी हा मुद्दा नाही आणि अभंग का कोरस हाही नाही. पश्चात्ताप आहे का, पवित्र आत्मा आहे का, तारणाची खात्री आहे का, हे बघा. ज्या मंडळीत पाप हा शब्द महिनोन्महिने निघत नाही तिथे टाळ असला काय आणि गिटार असली काय. आज व्यासपीठावरून ऐकू येतं ते काय, तुमची पोटेन्शियल ओळखा, देव तुम्हाला यश देणार, गाडी देणार, व्हिसा देणार. जग मंडळीत शिरतं ते वाद्यातून नाही, उपदेशातून शिरतं.

आणि टिळकांबद्दल आदर ठेवून बोलतो, त्यांचं सगळं डोळे झाकून घेऊ नका. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही चालत होते. हे मला वचनाला धरून वाटत नाही. संस्कृतीला हात मिळवता मिळवता रेघ पुसली जाते ती अशी.

पेटीवाली
@खडकावरघर, पाप हा शब्द निघत नाही हे तुमचं बोलणं मला लागलं, कारण खरं आहे. गेल्या दोन महिन्यांतले उपदेश आठवून बघितले.

@सहा_तारा, बाळा, राग आला ते लिहिलंस ते बरं केलंस. "आजीसारखं वाटतं" हे वाचून मी दोन मिनिटं थांबले.

आळंदीचा_पाईक
मी वारकरी घरातला, ख्रिस्ती नाही. इथे बोललो तर चालेल ना? शोधता शोधता टिळकांच्या अभंगांवरून या धाग्यावर आलो.

आमच्याकडे अभंग कुणा एकाच्या मालकीचा नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान होते आणि आमचे संत आहेत. टिळकांचे काही अभंग मी वाचलेत, "दास म्हणे" अशी मुद्रा असते शेवटी, आणि खरं सांगतो, भूक अस्सल आहे त्यांत. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणायचे हे माझ्या आजोबांनाही माहीत होतं, आणि ते चिडायचे नाहीत.

पण एक प्रामाणिक प्रश्न. पाळक म्हणाले ना, तरुणांना जवळचं वाटावं म्हणून ड्रम. तसंच उद्या कुणी म्हणालं की हिंदूंना जवळचं वाटावं म्हणून अभंग, तर ऐकणाऱ्याला ते कळतं हो. टिळक अभंग गायचे कारण त्यांना दुसरं गाताच येत नव्हतं, तेच त्यांच्या तोंडात होतं. माणूस गातो आणि माणूस जाळं टाकतो, दोन्हीत फरक आहे. मला वाटतं तुमची रेघ तिथे कुठेतरी असावी. चुकलं असल्यास माफी.

निमा_सूक्ष्म
पाईक दादा, हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवला.

यवतमाळचा_विद्यार्थी
चर्चा चांगली चाललीय. मी आता सत्तरी ओलांडलेला माणूस, टाइप करायला वेळ लागतो म्हणून एकदाच लांब लिहितो.

मी यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलो, म्हणजे ती १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत जायच्या आधी. १९७४ च्या जुलैत स्वित्झर्लंडला लोझानमध्ये मोठी परिषद झाली, बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने, दीडशे देशांतून चोवीसशेच्या आसपास माणसं. आमच्या वसतिगृहात तिथे झालेल्या कराराच्या मसुद्याच्या सायक्लोस्टाइल प्रती फिरल्या आणि आम्ही रात्रभर वाद घातला, कंदील विझेपर्यंत. जॉन स्टॉट यांनी तो करार घडवला. पंधरा परिच्छेद, त्यातला दहावा संस्कृतीवर. त्यात माझ्या शब्दांत सांगायचं तर असं आहे, माणूस देवाने घडवला म्हणून त्याच्या संस्कृतीत सौंदर्य आणि चांगुलपणा आहे, आणि माणूस पडला म्हणून तीच संस्कृती पापाने डागाळलेली आहे. म्हणून कुठलीच संस्कृती दुसरीपेक्षा श्रेष्ठ मानायची नाही, सगळ्यांना वचनाची कसोटी. आणि पुढे सरळ कबुली, की मिशनांनी सुवार्तेबरोबर परकी संस्कृतीही बाहेर पाठवली. आम्ही खेड्यातली पोरं, कुणीतरी हे मोठ्याने वाचलं तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली. आमच्या मनातलं, जे आम्ही मिशनऱ्यांसमोर कधी बोललो नव्हतो, ते इव्हँजेलिकल लोकांनीच सही करून लिहिलेलं.

त्याच परिषदेत रेने पदिया आणि सॅम्युएल एस्कोबार हे लॅटिन अमेरिकेतले दोघं बोलले. पदियांचं म्हणणं असं की अमेरिकन जीवनपद्धती आणि सुवार्ता यांची गल्लत करून तुम्ही ती विकताय, आणि तारण स्वस्त करताय. हे पन्नास वर्षांपूर्वी. पेटीवाली ताई, तुमचा प्रश्न म्हणजे त्यांचाच प्रश्न.

पण मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. तुम्ही टिळकांना एका बाजूला आणि ड्रमला दुसऱ्या बाजूला ठेवलंत. आपल्याच प्रांतात, त्याच काळात, आणखी एक माणूस होतं ज्याने टिळकांच्या नेमकं उलट केलं. पंडिता रमाबाई. संस्कृत त्यांच्याइतकं कुणाला येत होतं? तरी केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करताना त्यांनी संस्कृत शब्द शक्य तितके टाळले, कारण एक तर ते दळणकांडण करणाऱ्या बाईला कळत नाहीत, आणि दुसरं म्हणजे त्या शब्दांच्या मागे जुना तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटून येतो. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून निघालं, खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. टिळक म्हणाले अभंग घ्या, तो आपला आहे. रमाबाई म्हणाल्या शब्द जपून घ्या, शब्दाला मूळ असतं. दोघंही ब्राह्मण घरातले, दोघांचाही वधस्तंभावर जीव. दोघांपैकी कोण चुकलं? मला पन्नास वर्षांत ठरवता आलं नाही, आणि मला वाटतं दोघांनाही ऐकल्याशिवाय मराठी ख्रिस्ती माणसाचा विचार पुरा होत नाही.

जात्यावरची
यवतमाळच्या काकांना नमस्कार. तुम्ही दोघं ब्राह्मण घरातले हे लिहिलंत म्हणून मी लिहायला बसले, नाहीतर नुसती वाचून गेले असते.

माझी पणजी नेवासे तालुक्यातली, महारवाड्यातली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगरकडे जी गावंच्या गावं ख्रिस्ती झाली त्यातलं आमचं घराणं. आज नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांमध्ये बहुतेक माणसं आमच्यासारख्याच घरांतली आहेत. धाग्यावर मघापासून "आपली भाषा", "आपली संस्कृती" चाललंय. कुणाची? टिळकांवर माझं प्रेम आहे, त्यांची गीतं म्हणतच मोठी झाले, पण ती भाषा माझ्या पणजीची नव्हती. देवळाच्या पायरीवर ज्यांना उभं राहू देत नव्हते त्यांच्यासाठी टाळ-वीणा-दिंडी हे सगळं सरळ "आपलं" कसं होईल? चोखोबांचे अभंग आमचे आहेत हे खरं, पण चोखोबाही बाहेरच उभे होते.

पणजी जात्यावर येशूच्या ओव्या म्हणायची. तिने कुठल्या पुस्तकातून घेतल्या नव्हत्या, दळता दळता जोडलेल्या. एक ओवी आईच्या तोंडून मला माहीतय, त्यात मरिया बाळाला घेऊन इजिप्तला निघाली तर पणजी तिला विचारते की बाई गं, वाटेत पाणी कोण वाढलं तुला, विहिरीवर चढू दिलं का कुणी. हे बायबलात कुठेच नाही. पण मला विचाराल तर आमच्या घरात थिऑलॉजीची सुरुवात तिथे झाली. काहीच न शिकलेल्या बाईने मत्तयचा दुसरा अध्याय ऐकला आणि आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न देवाच्या आईला विचारला.

त्या ओव्या कुठल्याच गीतपुस्तकात गेल्या नाहीत. पेटीने त्यांना मागे सारलं. पेटीवाली ताई, तुम्हाला दुखवायला नाही लिहीत, पण तुमची पेटी आज कपाटात गेली तसं आमचं जातं शंभर वर्षांपूर्वीच गेलं होतं.

पेटीवाली
मला यावर लगेच काही लिहिता येत नाहीये. माझी आजीही नेवाशाचीच. तिच्या ओव्या मी कधी विचारल्याच नाहीत. आता विचारायला ती नाही.

सहा_तारा
जात्यावरची ताई, ती ओवी इथे लिहाल का प्लीज? अख्खी?

जात्यावरची
आईला विचारून लिहीन. ती फोनवर सांगत नाही, म्हणते समोर ये.

डॅलसकर_देशपांडे
टेक्सासहून. मी लग्नानंतर विश्वासात आलो, इथल्या एका मोठ्या चर्चला दहा वर्षं जातोय. हे ड्रम-गिटार आलं कुठून ते लिहितो, कारण त्यालाही इतिहास आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं येशूकडे वळायला लागली, जीझस मूव्हमेंट म्हणतात. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ नावाचे पाळक होते, सूट-टाय घालणारे. असं सांगतात की अनवाणी पोरांनी नवीन गालिचा खराब होतो म्हणून कुणीतरी पाटी लावली, तर स्मिथ म्हणाले गालिचाच काढून टाकू. त्या पोरांना जे वाजवता येत होतं ते त्यांनी वाजवलं, आणि १९७१ च्या आसपास त्याच्या रेकॉर्ड निघायला लागल्या. म्हणजे पाईक दादांच्या शब्दांत, त्यांच्याही तोंडात तेच होतं. ते जाळं नव्हतं.

पुढे ते उद्योग झालं हेही खरंय. आता इथे स्टेजवरचे दिवे, धूर, प्रत्येक गाण्याचा परवाना, आणि गाणी अशी की मी, माझं, मला. विलाप नाहीच. माझे वडील वारले त्या आठवड्यात मी चर्चमध्ये उभा होतो आणि पाचही गाणी विजयाची होती, मला गाता येईना. स्तोत्रसंहितेत रडण्याची इतकी गीतं आहेत, ती कुठे गेली? त्या दिवशी घरी येऊन मी यूट्यूबवर एक जुनं मराठी गीत लावलं आणि मोकळा झालो.

अजून एक. मॉडर्न कल्चरशी संवाद म्हटलं की इथे पटकन राजकारण होतं. १९२५ च्या डेटनच्या खटल्यानंतर, तो उत्क्रांती शिकवण्यावरचा, इथला फंडामेंटलिस्ट, म्हणजे कट्टर मूलतत्त्ववादी, ख्रिस्ती माणूस जगापासून तोंड फिरवून बसला. मग १९४७ मध्ये कार्ल हेन्री या इथल्याच धर्मशास्त्रज्ञाने आपल्याच लोकांना खडसावलं की समाजातल्या अन्यायावर तुम्ही गप्प का. तिथून आजचं इव्हँजेलिकल रूप घडलं. पण आज परत असं झालंय की कोण कुठल्या पक्षाचा यावरून विश्वास मोजतात. माझ्या चर्चमधली दोन कुटुंबं याच्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघंही माझ्या जवळची आहेत.

अ‍ॅडमिन_मंडळ
इथल्या आणि तिथल्या पक्षांची नावं आली की प्रतिसाद उडेल. आतापर्यंत छान चाललंय, तसंच ठेवा.

निमा_सूक्ष्म
डॅलसकर काकांनी उत्क्रांती काढली म्हणून लिहिते, थोडं विषयांतर.

मी मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी करतेय. संडे स्कूलमध्ये शिकवलेलं की पृथ्वी सहा हजार वर्षांची, आणि जो हे मानत नाही तो बायबल मानत नाही. लॅबमध्ये मी रोज जिवाणू बदलताना बघते, औषधाला दाद न देणारे होताना बघते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला वाटलं आता दोनातलं एक सोडावं लागणार, आणि मी मंडळी सोडली, तीन वर्षं. कुणी विचारायला आलं नाही असं नाही, आले, पण सगळे उत्तर घेऊन आले, प्रश्न ऐकायला कुणी नाही.

परत आले ते एका बाईंमुळे, त्यांनी मला इतिहास वाचायला लावला. आसा ग्रे हे हार्वर्डचे वनस्पतीशास्त्रज्ञ, डार्विनचे मित्र, अमेरिकेत त्याची बाजू मांडणारे पहिले, आणि पक्के ख्रिस्ती, काँग्रिगेशनल. म्हणजे ज्या परंपरेचं आपलं नगरचं अमेरिकन मराठी मिशन, तीच! आणि प्रिन्स्टनचे वॉरफिल्ड, बायबल निर्दोष आहे हे ज्यांनी सगळ्यात नेटाने मांडलं, त्यांनाही उत्क्रांतीचं एवढं भय नव्हतं. सहा हजार वर्षांचा आग्रह इतका पसरला तो १९६१ नंतर. म्हणजे मला जे जुनं म्हणून शिकवलं ते माझ्या आजीपेक्षा लहान निघालं.

खडकावरघर दादा, तुम्ही म्हणता जग उपदेशातून शिरतं. मला वाटतं कधीकधी एका देशाची एका काळातली भीती पण उपदेशातून शिरते, आणि आपण तिला वचन समजतो.

खडकावरघर
निमा बहिणी, पृथ्वीच्या वयावर माझं तुझ्याशी पटणार नाही, मी उत्पत्तीचा पहिला अध्याय जसा आहे तसा वाचतो. पण तीन वर्षं तू बाहेर होतीस आणि प्रश्न ऐकायला कुणी आलं नाही, हे वाचून मला लाज वाटली. मी स्वतः असा उत्तर घेऊन एका मुलाच्या घरी गेलो होतो. तो परत आला नाही. त्याच्यासाठी आज प्रार्थना केली.

जात्यावरची ताई, ओवी बायबलात नाही म्हणालात. पण ज्या शोमरोनी बाईशी यहुदी संबंध ठेवत नव्हते तिने येशूला ओळखलं ते योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे, विहिरीवरच. तुमच्या पणजीला कुणीतरी नीट वचन ऐकवलं होतं.

जात्यावरची
दादा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईला सांगते.

वसईचा_वारा
मला इथे प्रेषितांच्या कृत्यांतला १७ वा अध्याय आठवतो. पौल अथेन्सला अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेत, उभा राहिला तेव्हा यहुदी शास्त्रातलं एकही वचन थेट घेतलं नाही, ग्रीक कवींच्या ओळी घेतल्या. पण त्याआधी तो शहरभर हिंडला होता आणि मूर्ती बघून त्याचा जीव आतून कळवळला होता, असं तिथेच लिहिलंय. आणि भाषण शेवटी पुनरुत्थानावर नेलं, जिथे लोक हसले. सोपं करून सांगितलं, पण अवघड होतं ते गाळलं नाही.

कोकणी_फणस
हे सगळं खरं, पण लॉकडाऊनमधलं प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, विसरलात का लोकहो. आमच्याकडे पाळक फोनच्या पडद्यावर, आणि आम्ही घरी चपाती आणि कोकम सरबत घेऊन बसलेलो. मंडळीत अजून वाद आहे की ते खरं प्रभुभोजन झालं का नाही. माझ्या आईचं ते शेवटचं. मी तर खरंच धरतो.

यवतमाळचा_विद्यार्थी
फणस, मीही धरतो.

वसईकरांनी अथेन्स काढलं ते नेमकं. आणि अजून एक सांगायचं राहिलं होतं. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं जागरण, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायच्या, रडायच्या. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटचं जागरण १९०६ चं, म्हणजे केडगाव आधी. बाहेरच्या काहींना हा गोंधळ वाटला. तेव्हा रमाबाईंनी लिहिलं की पाश्चात्य पद्धतीच्या साच्यात इथल्या भक्तीला बसवू नका, देवाला त्याचं काम करू द्या. आता गंमत बघा, आज आपण जो मोठा आवाज अमेरिकेचा म्हणून नाकारतो, तसा आवाज केडगावच्या माळरानावर आधी झाला होता, आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींचा होता तो. सहा_तारा, तुझ्या ड्रमला मी म्हणून घाबरत नाही. मला भीती आहे ती एवढीच की बँड इतका मोठा वाजेल की बाकावरच्या माणसाचा आवाज त्यालाच ऐकू येणार नाही. तुमच्याकडे लोक गातात का, की बघतात?

सहा_तारा
काका... खरं सांगू? पहिल्या दोन रांगा गातात. बाकीचे बघतात.

पेटीवाली
आठवड्याने परत आले. जे झालं ते लिहिते.

मी पाळकसाहेबांकडे गेले, आधी ठरवून गेले होते की पेटीबद्दल एक शब्द काढायचा नाही. डॅलसकरांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, वडील वारल्यावर गाता आलं नाही ती. आणि विचारलं की साहेब, आपल्या मंडळीत यंदा किती मयती झाल्या आणि आपण रडण्याचं एक तरी गीत म्हटलं का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तरुण येत नाहीत या धास्तीत मी म्हाताऱ्यांचं दुःख विसरलो. मीही कबूल केलं की मी धागा काढला तो माझी जागा गेली म्हणून, आणि त्याला टिळकांचं नाव दिलं.

निर्णय मोठा काही झाला नाही. ड्रम राहणार. महिन्यातून एका रविवारी दोन गीतं विनाबँडची, नुसती गळ्याने, पुस्तकातली, शब्दांचा अर्थ आधी सांगून. अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी घाबरलेय, कारण मलाच सगळे शब्द येत नाहीत. माझ्या मूळ प्रश्नाला, रेघ कुठे, त्याला एक उत्तर मिळालं नाही. पाईक दादांचं जाळं आणि गाणं, आणि काकांचं गातात की बघतात, हे दोन मी वहीत लिहून घेतलेत. जात्यावरची ताईंचं लिहून घ्यायला लागलं नाही.

खडकावरघर
आमेन ताई. टिळकांच्या दरबाराबद्दल माझं मत मात्र तेच आहे, ते एकदा निवांत बोलू.

आळंदीचा_पाईक
त्यासाठी वेगळा धागा काढा दादा, मीही येईन.

जात्यावरची
काल आईकडे जाऊन आले. ओवी पूर्ण नाही मिळाली, तिला चारच ओळी आठवतात आणि मधली एक अडखळते. तिने म्हटली ती रेकॉर्ड केलीय. इथे लिहून टाकायला ती नको म्हणाली, म्हणते लिहिली की चाल जाते, ज्याला पाहिजे त्याला ऐकव.

सहा_तारा
ताई, मला पाठवा. मी गिटार नाही लावणार त्याला, आधी नुसती ऐकतो.

पेटीवाली
मलाही. आणि आईला विचारा ना, नेवाशाकडे माझी आजी ती कुठल्या ठेक्यात म्हणत असेल, दळताना की कांडताना, कारण दोन्हींचा हात वेगळा पडतो.